शेतकरी बाजार आणि हंगामाची भाजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या भागात दर रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. जागा आखून देणं, काटे तपासणं, भांडणं मिटवणं ही कामं आम्ही काही रहिवासी बघतो. त्यामुळे भाजीबद्दलचे प्रश्नही आमच्याच गळ्यात पडतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. म्हणून एकदा सगळे उतरवून काढले. आधी सोपे, मग अडचणीचे. उत्तरं पुणे परिसर धरून दिली आहेत. कोकण, खानदेश, गोवा जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. शेतकरी बाजार म्हणजे नेमकं काय? मंडईत मिळते तीच भाजी ना ही?

पीक तेच, वाट वेगळी. मंडईतली भाजी आधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते. अडत्याच्या गाळ्यावर सौदा होतो, तिथून किरकोळ विक्रेता उचलतो आणि मग ती मंडईत, हातगाडीवर किंवा दुकानात येते. शेतकरी बाजारात पिकवणारा स्वतः, त्याच्या घरचं कुणी किंवा त्याच्या गटातलं माणूस विकायला बसतं. मधले दोन-तीन हात वगळले जातात आणि बऱ्याचदा एक रात्रही वाचते.

राज्य सरकारने २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी कृषी पणन मंडळाचं ‘संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार’ हे अभियान सुरू झालं. सरकारी योजनांची नावं सहसा आठवत नाहीत, पण भाजीच्या बाजाराला अरणच्या सावता महाराजांचं नाव द्यायचं ज्याला सुचलं त्याला दाद दिली पाहिजे. आठवडे बाजार ही पद्धत अर्थातच त्याच्या कितीतरी आधीची. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आजही बघण्यासारखा भरतो.

मंडईशी आमचं वैर नाही. पुण्याची मंडई १८८६ सालची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे नाव लागलं ते त्यांचंच. आम्हीही कांदे-बटाटे अजून तिथूनच आणतो.

२. शेतकऱ्याकडून घेतली तर भाजी स्वस्त पडते का?

कधी पडते, कधी नाही. शेतकरी सकाळी मार्केट यार्डातला घाऊक भाव फोनवर विचारून घेतो आणि त्याच्या वर, पण हातगाडीच्या जरा खाली, स्वतःचा भाव ठेवतो. आवक भरपूर असली, समजा जानेवारीतली मेथी किंवा फ्लॉवर, की फरक चांगला जाणवतो. पावसाळ्यात कोथिंबीर कडाडते तेव्हा इथेही कडाडते. वाफ्यात पाणी साचून पाला सडतो, चिखलात तोडणी होत नाही. चार वाफ्यांतला एक हाती लागला तर त्याने काय भावाने विकावं?

नुसती स्वस्ताई हवी असेल तर संध्याकाळी मंडई उठताना जा, उरलेला माल मातीमोल मिळतो. इथे पैसे द्यायचे ते काल संध्याकाळी किंवा आज पहाटे तोडलेल्या भाजीचे.

३. कोणत्या महिन्यात काय घ्यावं? एक तक्ता द्या ना.

तक्ता मुद्दाम देत नाही. पाऊस दोन आठवडे पुढे-मागे झाला की तक्ता चुकतो आणि लोक येऊन भांडतात. पण ढोबळ सांगता येतं.

थंडी हा भाजीचा खरा राजा-हंगाम. मेथी, पालक, शेपू, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, मुळा, गाजर, ओली हळद, लसणाची पात. शेंगांत पावटा, वालपापडी, ओली तूर, सोलाणे, मटार. फ्लॉवरचे गड्डे घट्ट आणि पांढरे येतात, टोमॅटोला चव असते, वांग्यांना तकाकी असते. या हंगामाची सगळी यादी एका पातेल्यात बघायची असेल तर संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी करा : पावटा, सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा, बोरं, वर तिळाचा कूट आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. आपल्या आज्यांनी तक्ता असा करून ठेवलाय. रायगडकडे याच दिवसांत वालाच्या शेंगांची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लागते.

होळीनंतर पालेभाज्या रोडावतात. मेथी आणि कोथिंबिरीला उन्हाने लवकर फुलोरा येतो आणि पाला राठ होतो. मग वेलांवर आणि शेंगांवर यायचं : गवार, भेंडी, दोडका, कारली, पडवळ, तोंडली, काकडी. शेवग्याच्या शेंगा भरघोस. कैरी आली की आमटीपासून लोणच्यापर्यंत तीच. कोकणातून कोवळा फणस आणि मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर येतात. काजूगर महाग असतात, पण वर्षातून एकदा तरी त्यांची उसळ झालीच पाहिजे. अलिबागचा पांढरा कांदा माळा करून विकायला येतो तोही याच सुमारास. आणि चिवळ. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाळ्यात चिवळीची जुडी दिसली की तो भाव विचारत नाही.

पावसाळ्याचे दोन भाग. सुरुवातीला रानभाज्या (प्रश्न ८ बघा), मग श्रावण-भाद्रपदात परसातलं आणि मांडवावरचं सगळं : अळू, लाल माठ, काकडी, शिराळी, भोपळा, पडवळ, श्रावणघेवडा, मक्याची कणसं. भाद्रपद-आश्विनात भुईमुगाच्या ओल्या शेंगा येतात. त्या मीठ घालून उकडायच्या आणि टीव्हीसमोर बसून संपवायच्या, भाजीबिजी करायची नाही.

४. घरून यादी करून आणते, पण निम्म्या गोष्टी मिळतच नाहीत. असं का?

यादी करून येता म्हणूनच. इथे आठवड्याचा स्वयंपाक बाजार बघून ठरवायचा. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा, कोणाकडे काय आलंय आणि कशाचे ढीग लागलेत ते बघा, मग पिशवी उघडा. ज्याचे ढीग सगळीकडे आहेत ते त्या आठवड्यात सगळ्यात ताजं आणि स्वस्त असतं. घरून ठरवून यायचं ते इतकंच : दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक शेंगेची, एक टिकाऊ. नावं तिथे भरायची.

५. किती वाजता यावं?

पालेभाजी, रानभाजी, काजूगर हवे असतील तर बाजार लागता लागता. बाकीसाठी नऊपर्यंत चालतं. त्यानंतर ऊन चढलं की पाला मान टाकतो आणि त्यावर पाणी मारायला सुरुवात होते. पिशवी घरून आणा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरीही “एक छोटी द्या ना हो” हे दर रविवारी ऐकू येतं.

६. विकणारा खरंच शेतकरी आहे की यार्डातून आणून विकतोय, हे कसं ओळखायचं?

माल बघा. शेतकऱ्याकडे दोन-चार प्रकार असतात आणि त्यात लहान-मोठं, वाकडं-सरळ सगळं असतं. एकाच पथारीवर सिमला मिरची, आलं, मटार, वांगी, लिंबू, बीट आणि वर ब्रोकोली असेल तर शंका घ्या. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर मात्र प्रकार जास्त असणारच, कारण माल अनेक शेतांतून येतो.

दुसरं, बोला. “कधी तोडली?” यापेक्षा “पुढच्या रविवारी काय येईल?” हा प्रश्न जास्त उपयोगाचा. पिकवणारा लगेच सांगतो : गवार अजून दोन तोडे चालेल, दोडक्याला आता कळी धरलीय, टोमॅटोवर करपा आलाय त्यामुळे सांगता येत नाही. विकत आणणारा म्हणतो, “सगळं येईल.”

संयोजक म्हणून आम्ही सातबारा आणि त्यावरची पीकपाहणी बघतो. शेजारच्या शेतकऱ्याचा माल सोबत आणायला आमची हरकत नसते. गावातून एकच टेम्पो येतो, त्यात चौघांच्या पाट्या असतात. विचारल्यावर कुणाचं काय ते सांगितलं पाहिजे, एवढंच.

७. भाजी कोवळी आहे की जून, हे हात लावून कसं कळतं?

प्रत्येक भाजीची खूण वेगळी आहे. भेंडीचं टोक अंगठ्याने दाबलं की कट्‌कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर निबर. अर्थात तुम्ही पाव किलोसाठी पंधरा भेंड्यांची टोकं मोडलीत तर समोरच्या मावशी त्या पंधराही तुमच्याच पाटीत टाकतील, आणि आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. भेंडी लहान आणि लव असलेली घ्या, मोडायची वेळ येत नाही. गवार वाकवली की मोडावी आणि दोरा निघू नये. दोडक्याच्या शिरा टोकदार पण मऊ असाव्यात. दुधीवर नख लावायचं नाही. लव आहे का बघा, सालीवर तकाकी असेल आणि हातात जड लागत असेल तर कोवळा. पावट्याच्या शेंगेत दाणे भरलेले हवेत, वालपापडीत नकोत.

भरताचं वांगं उलट : आकाराच्या मानाने हलकं घ्या, म्हणजे बिया कमी. देठ हिरवा आणि काटेरी असावा, बुडाशी किंवा देठाजवळ बारीक भोक नसावं. भोक असेल तर आत अळीने वाट केलेली असते.

पालेभाजीच्या जुडीचं पान बघण्याआधी मूळ बघा. मुळाशी माती ओली आणि कापलेला भाग पांढरा असेल तर ताजी. तो तपकिरी पडला असेल तर पानांवर कितीही पाणी शिंपडलेलं असो, कालच्या आधीची आहे. मेथीचं पान लहान आणि गोलसर चांगलं. मोठं लांबट पान दिसायला छान, चवीला फिकं.

८. पावसाळ्यात अनोळखी पाले विकायला असतात. ते खावेत का? एकदा शेवळं केली तर घसा धरला.

खावेत, पण विकणारीला विचारून. मुळशी, मावळ, वेल्हे या बाजूच्या बायका जूनपासून या भाज्या आणतात. पळसाच्या पानावर वाटे लावलेले असतात, काटा नसतो. “हिला चिरायची कशी?” एवढं विचारलं की पूर्ण कृती मिळते, आणि ती छापील कृतीपेक्षा बरी असते.

टाकळा पहिल्या पावसानंतरचा कोवळा तेवढाच घ्यावा. मोठा झाला की उग्र लागतो. फोडशी (काही भागांत कुलू) लांब गवतासारखी दिसते. मुळाकडचा पांढरा राठ भाग काढून बारीक चिरायची, धुवायची भरपूर, कारण पात्यांत माती अडकते. कुरडू साधी, लसणाच्या फोडणीवर होते. भारंगीचा पाला कडसर, म्हणून उकडून, पिळून घेतात. करटोली महाग का, हे दरवर्षी विचारतात : तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, वेल जमिनीतल्या कंदावर पावसाबरोबर फुटतो आणि तोडणी काट्याकुट्यांत हिंडून करावी लागते. बांबूचे कोंब (वास्ते) चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, पाणी बदलायचं, मग उकडायचे. हे टाळायचं नाही, कच्च्या कोंबात घातक द्रव्य असतं.

आता शेवळं, म्हणजे रानसुरणाचे कोंब. घसा धरतो तो त्यातल्या सुईसारख्या ऑक्सॅलेटच्या स्फटिकांमुळे; अळूचंही तेच. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडाची फळं घालून शिजवायचं. काकडं शेवळांबरोबरच विकायला असतात, आणि ती उगीच नसतात. नाही मिळाली तर चिंच किंवा आमसूल सढळ हाताने. सीकेपी आणि पाचकळशी घरांत ही भाजी मुरलेली आहे. पहिल्यांदा करणार असाल तर अशा घरातल्या काकूंना फोन लावा.

स्वतः रानात जाऊन, मोबाईलवर फोटो ताडून पाला खुडून आणू नका. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती खूप आहेत. ओळख करून घ्यायची असेल तर ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ठिकठिकाणी असतात, तिथे भाज्या नावानिशी मांडलेल्या असतात.

९. “गावठी आहे” म्हणतात, म्हणजे सेंद्रिय का?

नाही. गावठी म्हणजे स्थानिक वाण, बहुधा घरच्या बियाण्याचं. त्यावर फवारणी झाली की नाही याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. गावठी वाणांचं महत्त्व वेगळं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यांसारख्या पिकांची कितीतरी जुनी वाणं घरच्या बियाणे बँकेत जपली. त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. अशा वालाच्या शेंगा आकाराला एकसारख्या नसतात, पण आमटीला दाटपणा आणि वास असा येतो की संकरित वाल परत घ्यावासा वाटत नाही.

सेंद्रिय म्हणायला प्रमाणपत्र लागतं. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस-इंडिया ही गटाने एकमेकांची तपासणी करायची पद्धत आहे. पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’चं चिन्ह असतं. ‘रेसिड्यू फ्री’ हा तिसराच प्रकार : फवारणी होते, पण अंश उरणार नाही अशा बेताने. ‘विषमुक्त’ हा नुसता फळ्यावर लिहायचा शब्द आहे, त्याचे जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा शेवटची फवारणी कधी केली आणि तोडणी किती दिवसांनी, ते विचारा. प्रत्येक औषधाचा प्रतीक्षा काळ असतो आणि चांगला शेतकरी तो तोंडपाठ सांगतो.

१०. फवारणीची भीती वाटते. भाजी कशाने धुवावी? बाजारात भाजी धुवायची पावडर मिळते, ती घ्यावी का?

साधं पाणी पुरतं, फक्त ते भरपूर हवं आणि हाताने चोळायला हवं. साबण वापरू नका. सालीवरचा अंश धुण्याने, चोळण्याने, सोलण्याने बराच कमी होतो. झाडात भिनणारी औषधं असतात ती मात्र कशानेच धुतली जात नाहीत, पावडरीनेही नाही. तिथे प्रश्न ९ मधला प्रतीक्षा काळच उपयोगी.

पालेभाजी धुताना एक चूक सर्रास होते. भाजी चाळणीत ओतली की तळाची माती परत तिच्यावरच बसते. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, भाजी बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा आणि हाताने वर काढा. पाणी फेकून पुन्हा तसंच. तळाला वाळू दिसेनाशी होईपर्यंत. फ्लॉवरचे तुरे कोमट मिठाच्या पाण्यात हळद घालून दहा मिनिटं ठेवले की आतल्या अळ्या वर येतात.

पानाला भोकं असली म्हणजे औषध मारलेलं नाही, असं समजू नका. अळी खाऊन गेल्यावर मारलं असेल.

११. मटार, भेंडी जास्तच हिरवीगार दिसते. रंग लावलेला असतो का?

शेतातून थेट आलेल्या मालात हे आम्हाला दिसलेलं नाही, पण बाजारात मॅलॅकाइट ग्रीन या रासायनिक रंगाची भेसळ होते. तपासायला सोपं : कापसाचा बोळा पाण्यात किंवा खाद्यतेलात भिजवून भाजीवर घासा. बोळा हिरवा झाला तर ती भाजी टाका. सोललेल्या मटारावर जास्त लक्ष ठेवा. शेंगा घेतल्या तर प्रश्नच मिटतो.

१२. घासाघीस केलेली चालते का?

“मावशी, मेथी कशी दिली?”
“वीसला जुडी. पन्नासला तीन घ्या, ताई.”
“दोन द्या तीसला.”
“दोनच घेणार होय? बरं, ही शेपूची घ्या वर दहाला.”

इतपत चालतं, दोन्ही बाजूंना त्यात मजा असते. जास्त घेताना कमी मागणं रास्त. पण वाट्याने रानभाजी विकणाऱ्या बाईकडे दहा रुपयांसाठी अडून बसणं आम्हाला बघवत नाही, आणि त्याच माणसाने पुढे कॉफीला किती मोजले ते आम्ही बघितलेलं असतं. कढीपत्ता आणि चार मिरच्या वर मागायला काही हरकत नाही.

१३. मापात गडबड होते असं वाटलं तर?

रिकामा काटा शून्य दाखवतो का बघा, पाटीचं वजन वजा झालंय का बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी व्हावी लागते आणि त्याचा शिक्का काट्यावर असतो. शंका असेल तर संयोजकांच्या काट्यावर परत तोलून घ्या, तो त्यासाठीच ठेवलेला असतो. जुडीला वजन नसतं, ती हातात तोलूनच घ्यायची.

१४. एकदा घेतलेली भाजी आठवडाभर कशी टिकवायची?

क्रम लावून खायची. पहिले दोन दिवस पालेभाज्या आणि मक्याची कणसं, मग भेंडी-गवार-शेंगा, मग वांगी-दोडका, शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा. सुरण, कांदा, बटाटा हे ओट्याखाली. मात्र कांदा आणि बटाटा एका टोपलीत नको, दोन्ही लवकर खराब होतात.

पालेभाजी न धुता, मुळं कापून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय सोडा, शाई भाजीला लागते. कोथिंबीर निवडून, कापड घातलेल्या डब्यात. पिकलेली केळी, टोमॅटो हे पालेभाजीपासून लांब. त्यांच्या वायूने पानं पिवळी पडतात. कच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये घालू नका, चव जाते. वांगी, भेंडी आणि काकडी यांना कडक थंडी सोसत नाही, त्या फ्रिजच्या दाराकडे ठेवा आणि लवकर संपवा.

१५. घरात दोघंच आहोत. जुडी संपत नाही, काय करावं?

शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या, बरेच जण तसंच करतात. नाहीतर एका जुडीचे दोन अवतार : मेथीची अर्धी भाजी, अर्धे ठेपले, पालकाची निम्मी ताकातली भाजी, निम्मा परतून, गार करून फ्रीझरमध्ये. चाकवत, अंबाडी शिजवून, घोटून ठेवली तर दोन दिवसांनी नुसती फोडणी द्यायची.

१६. मुळ्याचा, फ्लॉवरचा पाला तोडून देऊ का, असं विचारतात. घ्यावा का?

तोडू देऊ नका! मुळ्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून भाजी होते, फ्लॉवरच्या कोवळ्या पाल्याची पीठ पेरून. बीटचा पाला पालकासारखा वापरा. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची सालं तीळ घालून चटणीला, कोथिंबिरीचे देठ आमटीला. टोमॅटो आणि बटाट्याचा पाला मात्र खायचा नाही, आणि हिरवट पडलेला बटाटाही नाही.

१७. दुधी कडू निघाला. शिजवल्यावर कडूपणा जाईल का?

जात नाही, आणि तो खायचाही नाही. दुधी, काकडी, दोडका, घोसाळी या वेलांच्या फळात क्वचित कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं. त्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊ शकतो. कडू दुधीचा रस प्यायल्याने देशात मृत्यू झालेले आहेत आणि त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. चिरण्याआधी दोन्ही टोकांची पातळ चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, तोंड धुवा आणि आख्खं फळ टाका. निम्मं वाचवायला जाऊ नका. रस पिऊन अस्वस्थ वाटलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. यात शेतकऱ्याची लबाडी नसते, बाहेरून कडू फळ ओळखता येत नाही. आमच्याकडे तो बदलून मिळतो.

कारलं यातून वगळा. त्याचा कडूपणा नेहमीचाच आहे.

१८. मटार थंडीतला म्हणता, मग ऑगस्टमध्ये शेंगांचे ढीग कुठून येतात?

पुरंदरहून. सासवडच्या पट्ट्यात पाऊस बेताचा आणि हवा गार. तिथले शेतकरी मृगाच्या आसपास वाटाणा पेरतात आणि पावसाळ्यात तोडतात. त्यामुळे पुणेकरांना मटार दोनदा मिळतो. थंडीतला मुबलक मटार मध्य प्रदेशातून आणि उत्तरेतून येतो. पुरंदरचा ताजा असतो, थंडीतला गोड आणि स्वस्त. फ्रीझरमध्ये भरून ठेवायचा असेल तर जानेवारीपर्यंत थांबा.

१९. कोबी, टोमॅटो, पालक बाराही महिने मिळतात. मग हंगाम खरंच उरलाय का?

मिळण्यापुरता उरलेला नाही, चवीपुरता उरलाय. उन्हाळी वाण, ठिबक, शेडनेट यांनी पीक निघतं. मे महिन्यातला फ्लॉवर आणि डिसेंबरातला फ्लॉवर एकाच फोडणीत करून बघा.

२०. जळगावची भरताची वांगी पुण्यात मिळतील का? इथली चालत नाहीत का?

थंडीत खानदेशी मंडळींच्या ओळखीने येतात. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे : मोठं, फिकट हिरवं, बिया कमी. तिकडे ते कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गॅसवर तो वास येत नाही. गोव्यात आगशीच्या वांग्यांचं आणि काणकोणच्या खोला मिरचीचं असंच आहे. इथल्या जांभळ्या वांग्याचं भरीत वाईट होत नाही, पण खानदेशी पाहुण्यांना वाढू नका.

२१. चातुर्मासात वांगी-कांदा बंद, मग ऋषीपंचमी. या काळात बाजारातून काय घ्यावं?

ज्यांच्याकडे पाळतात ते आषाढी एकादशीपासून वांगी, कांदा, लसूण बंद करतात. चंपाषष्ठीला भरीत, पातीचा कांदा आणि भाकरीने परत सुरुवात. पावसाळी दमट हवेत वांग्यात अळी जास्त असते हेही खरं. या महिन्यांत पडवळ, भोपळा, काकडी, अळू यांच्यावर सुखाने भागतं.

ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही. आदल्या दिवशी बायका परसातलं, खुरप्याने लावलेलं घेऊन येतात : अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, चवळीच्या शेंगा, कणीस, सगळ्याचा मिळून एक वाटा. ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातलं चालेल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बैल नाही ना, मग चालतं म्हणणारे आणि नांगर तो नांगरच म्हणणारे, दोन्ही पक्ष आमच्याकडे आहेत. आम्ही मत देत नाही.

२२. मुलगी अमेरिकेत असते. तिकडच्या शेतकरी बाजारात आपल्या भाज्या मिळतात का?

जागेवर अवलंबून आहे. मिनेसोटात सेंट पॉल आणि कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथे मूळच्या लाओसकडच्या ह्मोंग शेतकऱ्यांचे गाळे असतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात कारली, लांब चवळीच्या शेंगा, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर मिळते. घोळ मेक्सिकन दुकानांत ‘वर्दोलागास’ नावाने विकायला असते. चाकवत तर तिकडे तण म्हणून अंगणात उगवतो. तो खुडायचा असेल तर आधी घरमालकाला विचारावं की हिरवळीवर तणनाशक मारतो का. मारत असेल तर त्या अंगणातला नको.